ठिपका हलवायचा नाही

त्या दिवशी मी कसालच्या तिठ्यावर पडवळ घेत होतो. ते कोवळं आहे की जून यावरून भाजीवालीशी माझं नेहमीचं सुरू होतं, तेवढ्यात मालवणहून कणकवलीला जाणारी गाडी येऊन थांबली आणि कंडक्टर दारातूनच ओरडला, "तात्यानू, तुमका कळला काय? भाई परब वारले." मी हातातलं पडवळ खाली ठेवलं. "परवा. गावाकच. सगळा आटापला," तो म्हणाला आणि त्यानं घंटी मारली. त्याची तरी काय चूक? गाडीला उशीर झालेला, आणि एवढी बातमी तरी त्यानं आठवणीनं दिली. वर्षानुवर्षं त्याच्याच गाडीतून आम्ही दोघं होकायंत्र, साखळ्या आणि खुंट्यांची पिशवी घेऊन फिरलो होतो. पडवळ पिशवीत घालून मी घरी आलो. सुनेनं विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?" मी म्हणालो, "काही नाही, पडवळ जून निघालं." घरात माणसं भरपूर आहेत, पण भाई कोण होता हे सांगायला सुरुवात कुठून करायची तेच मला कळेना. आज महिना उलटून गेला. अजून कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

भालचंद्र परब हा माझा मित्र. नात्याचा नाही, गावचा नाही, शाळेतला नाही. सरकारी कामानं जुळवून दिलेला. मराठी राज्य व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमच्या या दक्षिण टोकाच्या मुलखात रान किती, त्यात लाकूड किती उभं आहे, याची मोजणी निघाली होती. कणकवलीत खोबऱ्याच्या एका वखारीच्या माडीवर कचेरी थाटली होती, त्यामुळे आमचे सगळे कागद खवट खोबऱ्यासारखे वासायचे. मी त्याआधी सगळी उमर पायी मोजणी केलेला माणूस. डोंगर चढायचा, झाडाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर फीत लावायची, आकडा ओरडायचा, कुणीतरी लिहायचा. मला सांगण्यात आलं की आता रान विमानातून बघायचं, विमानातून फोटो काढून झालेले आहेत आणि ते वाचायला एक माणूस शिकून आला आहे. मी मनात म्हटलं, झालं! आता घारीला नोकरी द्या आणि आम्हाला घरी पाठवा.

तो माणूस खिडकीशी पाठमोरा बसला होता. उंच, किडकिडीत, शर्टाची कॉलर उलटून शिवलेली. टेबलावर विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी, आणि त्यांच्यावर चार पायांचं, दोन काचांचं एक भिंग. त्याचं खरं नाव स्टिरिओस्कोप, पण कचेरीत सगळे जोडभिंग म्हणायचे. मी कणकवलीत नवा, तोही नवा. त्यानं नाव-गाव काही विचारलं नाही, उठून खुर्ची मोकळी करून दिली आणि म्हणाला, "बघा." मी वाकलो. दोन करडे कागद दिसले, त्यांवर शेवाळ्यासारखे डाग. "दोन्ही डोळे उघडे ठेवा. घाई करू नका," तो म्हणाला. मी वैतागून उठणारच होतो, आणि एकदम ते डाग हलले, एकमेकांवर बसले आणि झाडं वर आली! खरोखर वर आली. आंब्याचा एक डेरा असा उठला की डोळ्यात जाईल म्हणून मी मान मागं घेतली. खाली दरी खोल गेली, तिच्यात वहाळ, वहाळावर साकव. मी तोंडातल्या तोंडात आमच्या भाषेत काहीतरी बोललो असेन, कारण तो पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, "मालवणी काय तुमी? मगे आदी सांगूचा नाय?" त्या दिवसापासून तो माझा भाई आणि मी त्याचा तात्या.

काम कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय भाई कळायचा नाही. सगळं रान मोजणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. म्हणून नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाची आवडनिवड न धरता ठिपके पाडायचे. पोत्यात न बघता हात घालून मूठभर काजू काढावेत तसं. भाई प्रत्येक ठिपका फोटोवर शोधायचा, तिथं टाचणीनं बारीक भोक पाडायचा आणि जोडभिंगातून बघून ठरवायचा... दाट रान, विरळ रान, बाग, की उघडा कातळ. मग त्यांतले काही ठिपके माझ्या वाट्याला यायचे. मी तिथं चालत जायचो, खुंटी ठोकायचो आणि जमिनीवर खरंच काय आहे ते लिहायचो. त्याचं वाचन माझ्या पाहणीशी किती जुळतं, यावर फोटोंचा भरवसा ठरायचा. जुळणी चांगली असली तर थोड्या पायपिटीत काम भागायचं. बिघडली तर ठिपके वाढवा, माणसं वाढवा. फारच बिघडली तर फोटो गुंडाळून परत पाठवा आणि पुन्हा साखळी घेऊन डोंगर चढा.

या कामाचे दोन नियम भाईनं देवासारखे पाळले. पहिला, ठिपका हलवायचा नाही. पडला तिथं पडला. करवंदीच्या जाळीत पडो, कुणाच्या गोठ्यामागं पडो, निवडुंगात पडो. मी एकदा जळवांनी भरलेल्या ओहळातून परत येऊन चिडून म्हणालो, "भाई, धा पावलां हुकडे खुंटी मारली असती तर काय आभाळ कोसळला असता?" तो शांतपणे म्हणाला, "धा पावलां तू सरकवशीत, धा पावलां मी सरकवीन. मगे रान आपणाक होया तसा दिसात. आसा तसा नाय." दुसरा नियम असा की त्यानं काय वाचलं आहे हे मला कळता कामा नये आणि मी काय बघितलं हे त्याला. नाहीतर दोघंही एकमेकांकडे बघून लिहू लागू. त्यामुळे गंमत अशी झाली की आम्ही राहायचो एकाच गल्लीत, जेवायचो एकाच खानावळीत, आणि ज्या कामानं दोघांचं डोकं भरलेलं असायचं त्याबद्दल आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कमी पडली यावर आम्ही तासभर बोलायचो. मी मुद्दाम खोडी काढायचो, "आज एके जाग्यार गेललंय..." की तो हात वर करायचा. "शनवारी!"

शनिवारी दुपारी कचेरी रिकामी झाली की चहा मागवायचा आणि जुळणी करायची. तो त्याच्या कागदावरून वाचायचा, "दाट रान." मी माझा कागद बघून म्हणायचो, "बरोबर." तो म्हणायचा, "फुडे." मी "चूक" म्हणालो तरी त्याचा आवाज तोच, "फुडे." राग नाही, समर्थन नाही. आयुष्यात मला अनेकांनी चूक म्हटलं आहे आणि प्रत्येक वेळी माझं पित्त खवळलं आहे. चूक म्हटल्यावर नुसतं "फुडे" म्हणणारा माणूस मी तो एकच बघितला.

एकदाच आमचं चांगलं वाजलं. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, करायच्या जागी जाळायला आमच्याकडे ऐन-किंजळीच्या फांद्या उतरवतात, त्याला कवळ तोडणं म्हणतात. उन्हाळ्यात अशी झाडं खांबासारखी उघडी उभी असतात. पावसाळा लागला की पुन्हा फुटतात. विमान नेमकं उन्हाळ्यात येऊन गेलेलं. त्यामुळे जिथं मी दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाहीत असे बुंधे मोजून आलो, तिथं भाईनं "उघडा माळ" लिहिलेलं. मी म्हणालो, "अरे मेल्या, तू ह्याच मातीतलो. कवळ तोडलेला झाड तुका कळणा नाय?" तो म्हणाला, "माका कळता रे. फोटोक कळणा नाय. फोटोत दिसता ता मी लिवचा, माका ठावक आसा ता नाय." मी म्हटलं, म्हणजे जाणूनबुजून चूक लिहायची? तर म्हणाला, "चूक उघडी रवली तर ती मोजूक येता. मी शाणपणान झाकली तर ती खंय आसा ता कोणाकच कळाचा नाय." मी चहा अर्धा टाकून निघून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी खानावळीत त्यानं माझ्या ताटात आपल्या वाटणीची तळलेली तुकडी ठेवली आणि आम्ही तिरफळांवर बोललो.

भाई एकटा होता. लग्न केलं नाही, का नाही हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. घरी एक धाकटा भाऊ, बाबू, आणि त्याचा संसार. कणकवलीहून गाडीनं दोन-तीन तासांत पोचावं एवढंच अंतर, पण आई गेल्यापासून भाई तिकडे फिरकला नव्हता. भावाभावांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. इथं मिटवण्यासारखं काहीच नव्हतं. बोलावणारी बाई गेली, बोलावणं थांबलं, हा जायचा थांबला. गणपतीला कचेरी ओस पडायची आणि मी कसालला घरी यायचो, तेव्हा भाई कणकवलीतच राहायचा. मी आग्रह केला की "काम आसा" म्हणायचा. परत आलो की खिडकीशी तोच वाकलेला, जोडभिंगावर. घराच्या वरच्या अंगाला त्यांचं मोठं रान होतं, त्याबद्दल मात्र तो बोलायचा. लहानपणी दुपारची सगळी निजली की हा तिथं जाऊन बसायचा. आई खालून हाक मारायची आणि रान इतकं दाट की हाक यायची पण घर दिसायचं नाही, असं तो सांगायचा.

पुढं काही वर्षांनी, राज्य होऊन कामाचा दुसरा फेरा सुरू झाला तेव्हा, आमच्या जुळणीत काहीतरी बिघडलं. फोटो तेच, पहिल्या खेपेचे. ठिपके मात्र नव्यानं पाडलेले, आणि आता पाळी मालवणच्या बाजूची, म्हणजे भाईच्या माहितीच्या मुलखाची होती. पहिल्या शनिवारी मी चार-पाच वेळा "चूक" म्हणालो. दुसऱ्या शनिवारी त्याहून जास्त. तो "फुडे" म्हणायचा, पण आवाज बसलेला. मी कामाला जुना माणूस, चुका मला नव्या नव्हत्या. पण या चुका कवळ तोडलेल्या झाडांच्या वेळेसारख्या नव्हत्या. तेव्हा झाडं असून तो नाही म्हणायचा. इथं त्यानं "दाट रान" लिहिलेलं असायचं आणि मी बघावं तर उघडा कातळ, नाहीतर गुडघ्याएवढी काजूची रोपं. जुळणीनंतर अशा एका ठिपक्यावर मी पुन्हा जाऊन डोकं खाजवत उभा होतो, तेव्हा गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. मी विचारलं, हयसर रान होतं काय कधी? म्हणाला, "होता मरे! वाघ बसात असा. लढायच्या टायमाक तोडला. कोळसो पाडलो सगळो." म्हणजे महायुद्धात, विमान यायच्या कितीतरी आधी. दुसऱ्या गावात एका बाईनं तेच सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी मी विचारलं नाही, नुसती जुनी खोडं शोधली. सापडली. मग मी कातळावर बसलो आणि एकेक चूक पुन्हा आठवून बघितली. भाईचे चुकलेले ठिपके कुठेही पडलेले नव्हते. जिथं तो पोरवयात हिंडला होता, जिथं तेव्हा रान होतं, तिथंच त्यानं रान लिहिलं होतं.

शनिवारची वाट न बघता मी कचेरीत गेलो. नियम मोडला, पण दुसरं सुचेना. भाई नेहमीच्या जागी वाकलेला. मी म्हणालो, "उठ जरा," आणि त्याच्या खुर्चीत बसून जोडभिंगातून बघितलं. त्याच्या टाचणीच्या भोकाभोवती पांढरा फटफटीत कातळ होता. माझ्यासारख्या अडाण्याला दिसावा इतका स्वच्छ. मी विचारलं, "भाई, तुका हयसर काय दिसता?" त्यानं भिंगात बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कागद. सपाट कागद दिसता, तात्या." डावा डोळा हळूहळू गेला होता. मिरजेला जाऊन गुपचूप दाखवून आला होता. काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही, म्हणून सांगितलं होतं. एका डोळ्यानं जोडभिंगात काही उठत नाही, दरी नाही, झाड नाही. आणि एवढे दिवस तो रोज सकाळी येऊन त्या सपाट कागदापुढे बसत होता आणि आठवणीतून रान लिहीत होता. मी संतापलो. ओरडलोच. "सांगूचा नाय? एवढो नियमवालो तू!" तो म्हणाला, "सांगितलंय असतंय तर मी बसलंय असतंय खंय?" त्याला ती खुर्ची सोडून या जगात बसायला दुसरी जागा नव्हती, हे मला इतकी वर्षं माहीत होतं.

तोवर बिघडलेली जुळणी वर पोचली होती. मोठे साहेब देशावरचे, भले गृहस्थ, पण कोकणातल्या घाटवळणांनी जेरीस आलेले. ते येऊन बसले, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाले, "परब, तुमच्या हातात दोष नाही. पहिली कामं मी बघितली आहेत. दोष फोटोंचाच. या पावसाळी मुलखाला ही पद्धत मानवत नाही, असं मी लिहून टाकतो. पुन्हा पायी मोजणी करू." भाईला सुटायला दार उघडं होतं. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, मला बघवेना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि भाई कचेरीतल्या मराठीत, शाळेत उभं राहून म्हणावं तसं, म्हणाला, "साहेब, फोटो बरोबर आहेत. वाचणाऱ्याला एका डोळ्यानं दिसत नाही. चूक माझी आहे, ती फोटोंच्या नावावर लिहू नका." खाली वखारीत कुणीतरी खोबरं तोलत होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

फोटो बचावले. नागपूरकडचा एक तरुण आला, त्यानं मालवणची बाजू पुन्हा वाचली. त्याला इथलं काहीच माहीत नव्हतं आणि म्हणूनच त्यानं चांगलं वाचलं. शनिवारची जुळणी पुन्हा रांगेला लागली. भाईला सामानाच्या खोलीत टेबल मिळालं. साखळ्या मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या. खिडकी नव्हती. जोडभिंग त्याचं स्वतःचं होतं, शिकायला गेला तेव्हा हौसेनं घेतलेलं, ते त्यानं पिशवीत घालून घरी नेलं. शनिवारी आता मी त्या तरुणापुढे "बरोबर", "चूक" म्हणायचो आणि तो दर वेळी "का चूक?" म्हणून वाद घालायचा. हुशार पोरगा होता. मला मात्र त्या खोलीत बसवत नसे.

एके दिवशी भाई स्वतःहून म्हणाला, "तात्या, माका तुझ्यावांगडा घेवन चल. एक ठिपको बघूचो आसा." कुठला ते सांगायची गरज नव्हती. त्याच्या घरावरचा. तो मीच तपासून आलो होतो आणि शनिवारी "चूक" म्हणालो होतो. दुपारच्या गाडीनं आम्ही गेलो. कणकवलीतल्या फोटोवाल्याकडून त्यानं एक जुना डब्याचा कॅमेरा मागून आणला होता, तो गळ्यात. घराच्या अंगणात बाबू सुपारी सोलत बसला होता. त्यानं वर बघितलं. "कधी इलंस?" "आत्ताच." "जेवन जातलंस?" "नाय, परतीची गाडी आसा." मग बाबूच म्हणाला, "वरचा रान तोडला ता मी तुका आवशीच्या बाराव्याक सांगितलेलंय." भाई म्हणाला, "होय. माका ठावक होता." मी चमकून बघितलं. म्हणजे आईच्या बाराव्यापासून त्याला माहीत होतं! आणि तरी त्या सपाट कागदापुढे बसून त्यानं तिथं दाट रान लिहिलं होतं. त्याची त्यालाही लाज वाटली असेल. पण ते दोघे भाऊ असे बोलत होते की जणू दोन कचेऱ्यांमधला निरोप चालला आहे, आणि मला तिथून कधी एकदा निघतो असं झालं.

वर काही उरलं नव्हतं. खोडं, काजूची रोपं, आणि टोकाला एकच किंजळ, कवळ तोडून बोडकी केलेली. माझी खुंटी अजून होती. ती त्यानं बोटानं चाचपली. मग खाली बघितलं. घर दिसत होतं, अंगण दिसत होतं, बाबू दिसत होता. "हयसून घर दिसत नाय होता," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं मला खुंटीवर उभं केलं. "ठिपक्यार उभो रव. हलू नको." ऊन कलतं होतं, समुद्राच्या बाजूनं येत होतं, सूर्य पाठीशी घेऊन त्यानं एक फोटो काढला. मी निघणार तर ओरडला, "हलू नको म्हणतंय ना!" वीतभर बाजूला सरकला आणि दुसरा काढला. मी करवादलो, एका थोबाडाचे दोन फोटो कशाला? म्हणाला, "जोडी होया." काही दिवसांनी मी विचारलं तर म्हणाला, "रोल खराब गेलो." मी विसरून गेलो.

नोकरी संपली आणि मग तो गावीच गेला, बाबूच्या पडवीत. आमच्या भेटी गाडीवर अवलंबून राहिल्या. तो कधी कसालला उतरायचा, आम्ही हॉटेलात चहा घ्यायचो, तिरफळांवर बोलायचो, पुढच्या गाडीनं तो जायचा. शेवटची भेटही तशीच झाली, त्यात काही विशेष नव्हतं. उजवा डोळाही धूसर झाला होता बहुतेक, कारण गाडीची पाटी त्यानं मला वाचायला लावली.

बातमी कळल्यावर दोन आठवड्यांनी बाबू माझ्याकडे आला. कापडी पिशवी पुढं ठेवली आणि म्हणाला, "हेचा आमी काय करतलंव? तुमका ठावक." आत जोडभिंग होतं आणि पाकिटात ते दोन फोटो. रोल खराब गेलेला नव्हता. मला वाटतं, त्यानं ते भिंगाखाली ठेवून बघितले असतील, ते त्याला दोन कागदच राहिले असतील आणि म्हणून त्यानं ते बाजूला ठेवून दिले असतील. बाबू चहा घेऊन गेला. तो तिठ्याकडे वळेपर्यंत मी दारात उभा होतो.

शनिवार होता म्हणून असेल, दुपारी मी फोटो मांडले आणि वाकलो. आधी एक डोळा मिटून बघितलं. कागद. मग दोन्ही डोळे उघडले, घाई केली नाही, आणि सगळं वर आलं. खोडं उठली, मागं ती बोडकी किंजळ, आणि मध्ये मी, कपाळाला आठ्या घालून. माझ्या पायाशी, खुंटीच्या डोक्यावर, टाचणीचं बारीक भोक होतं. दोन्ही फोटोंत त्यानं ते इतकं नेमकं पाडलं होतं की भिंगातून ते एकच दिसत होतं. एका डोळ्याच्या माणसानं! आणि मग मला त्याची सावली दिसली. सूर्य पाठीशी होता, त्यामुळे त्याची सावली फोटोत आलेली. मी, झाड, खोडं सगळी दोन फोटोंत थोडी थोडी सरकलेली आहेत, कारण तो वीतभर सरकला होता. सावली मात्र त्याच्याबरोबरच सरकली, म्हणून तिची जागा दोन्हींत तीच राहिली. त्यामुळे भिंगातून बघताना ती जमिनीवर पडलेली दिसत नाही. जमिनीच्या खाली दिसते, खूप खोल, दूर कुठंतरी, पाण्याच्या तळाशी असावी तशी. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. सून दोनदा चहा गरम करून ठेवून गेली. भाई, मला तुझी फार आठवण येते. आठवडाभर ज्याला काही सांगायचं नाही, असा माणूस आता मला उरलेला नाही.

मी पुन्हा ते टाचणीचं भोक बघितलं, खुंटी बघितली. जुळत होती. "बरोबर," मी मोठ्यानं म्हणालो आणि तो "फुडे" म्हणेल म्हणून थांबलो.